नावाच्या जागी

— नाही हो, ‘प्रा.’ नका करू, ‘प्राध्यापक’ असं पूर्ण लिहा. जागा पुरत नसेल तर पाटी मोठी घ्या, पदवी कशाला छाटता? माणूस जन्मभर घासतो तेव्हा कुठं ती मिळते, आणि तुम्ही एका टिंबात तिचा निकाल लावताय. हं, तर पहिल्या ओळीत प्राध्यापक आणि माझं पूर्ण नाव. त्याखाली ‘निवृत्त भाषाविभागप्रमुख’. त्याखाली ‘सर्वनाममीमांसा या ग्रंथाचे कर्ते’ — हसताय काय? जाडजूड ग्रंथ आहे, दारावरची पाटी वाचून दोन माणसांनी विकत घेतला तर कोणाचं काय बिघडलं? आणि मग खाली, कोपऱ्यात जी काय जागा उरेल तिथं — ‘व सौ.’ झालं. — काय? सौ. कोण? अहो, सौ. म्हणजे सौ.! माझी बायको. माझ्या घरात दुसरी कोण सौ. असणार?

पुढं नाव लागतं म्हणता? तुम्ही पाटीवाले लोक भारी चौकस बुवा. जरा ते स्टूल इकडं घेऊ का? पितळेचा कीस सगळीकडं सांडलाय, विजार खराब व्हायची. — आणि ही तयार पाटी इथं काउंटरवर आहे, तिच्यावर चष्मा ठेवला तर चालेल ना? चरा नाही पडत, मी अलगद ठेवतो. तर काय म्हणत होतो — नाव. अहो, इतकी वर्षं संसार केला, हिला हाक मारायला मला नाव म्हणून कधी लागलंच नाही. ‘अगं’ म्हटलं की काम झालं. फार तर ‘अगं ए’. फार म्हणजे फारच झालं तर ‘ऐकलंस का’. आणि तिऱ्हाइताशी बोलताना ‘ही’. ‘आमची ही’. कधी चुकून शेजारीण आली का? नाही आली. भाषेची हीच तर गंमत आहे, आणि तिच्यावरच मी आयुष्य घातलंय. शाळेत शिकलात ना तुम्ही — नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम? शिकलात आणि विसरलात. सगळे विसरतात. मी नाही विसरलो, एवढाच माझा आणि जगाचा फरक.

बघा, ग्रीकांनी त्याला नाव दिलं अँटोनिमिया — नावाच्या बदली आलेलं. रोमन लोकांनी ते उचललं आणि आपल्या भाषेत बसवलं, प्रोनोमेन — नावाच्या जागी. पुढं निम्म्या युरोपनं तेच घासूनपुसून वापरलं. जर्मनांचा एक शब्द आहे फ्युअरवोर्ट, म्हणजे ‘च्यासाठीचा शब्द’. जपानी लोक म्हणतात दाइमेइशी — दाइ म्हणजे बदली, मेइ म्हणजे नाव, शी म्हणजे शब्द. बदली नावाचा शब्द! हे मी एकदा जेवताना मोठ्या उत्साहानं हिला सांगितलं. ही मुख्य परिचारिका होती इस्पितळात, तिला ‘बदली’ म्हटलं की दुसरंच सुचणार. म्हणाली, “म्हणजे आमच्याकडं बदलीवर सिस्टर येते तसं? पण ती मूळची रजेवरून परत येईपर्यंतच असते हो. तुमच्या त्या सर्वनामात मूळ नाव परत कधी येतं?” प्रश्न बरा होता. मी तळटीपेत घातला. — तिचं नाव? तळटीपेत? नाही, तिथं ‘एका गृहिणीची शंका’ असं घातलंय. नोकरी करत होती, खरंय, पण शंका घरात विचारली ना.

आणि आपल्याकडची तर तऱ्हाच वेगळी. आपल्या जुन्या वैयाकरणांनी ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणारा शब्दांचा एक गट केला आणि त्या गटाला म्हटलं सर्वनाम. पण दुसरीही एक फोड करतात लोक — सर्वांचं नाव. कोणालाही लागू पडतं ते. मला ही फोड फार आवडते. ‘मी’ म्हटलं की मीही मी आणि तुम्हीही मी — समजलं का? नसेल समजलं तर सोडून द्या. आमची ही म्हणजे या फोडीचं चालतंबोलतं उदाहरण. मुलगी ‘आई’ म्हणणार, भावाची पोरं ‘आत्या’, इमारतीतले ‘काकू’, इस्पितळातले ‘सिस्टर’, आणि मी ‘अगं’. सर्वांची ती. कामावर तेवढा छातीवर बॅज असायचा तिच्या नावाचा, रोज सकाळी आरशासमोर उभी राहून सरळ लावायची. निवृत्त झाली त्या दिवशी तो परत घेतला त्यांनी. संध्याकाळी घरी आली, पदराला पिनेची दोन भोकं पडली होती त्यांवरून बोट फिरवत बसली आणि म्हणाली, “आता माझं नाव कुठंच राहिलं नाही.” मी म्हटलं, “असं कसं? मतदारयादीत आहे की!” विनोद होता हो. चांगला होता. तुम्हीसुद्धा हसला नाहीत, म्हणजे कमाल आहे.

— बरं, बरं, मुद्द्यावर येतो. मुद्दा असा की पाटी लवकर हवीय. ही सध्या माहेरी आहे. या वयात माहेरी, म्हणजे भावाकडं. रुसवा आहे, दुसरं काही नाही. झालं असं की माझ्या ग्रंथाचं प्रकाशन होतं. सभागृह भरलेलं — म्हणजे पुढच्या रांगा तरी भरलेल्या. मी आभार मानायला उभा राहिलो. आभार मानावे तर मी! मुद्रकाचं नाव घेतलं, मुद्रितं तपासणाऱ्याचं घेतलं, ग्रंथालयाच्या शिपायाचं घेतलं, ज्यानं खुर्च्या मांडल्या त्याचं नाव आधी विचारून घेतलं होतं, तेही घेतलं. टाळ्या पडत होत्या. शेवटी म्हणालो, “आणि अर्थातच, ही.” तर अध्यक्ष महाशय फार सौजन्यमूर्ती, त्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे — मध्येच म्हणाले, “सर, वहिनींचं नाव तर सांगा सभेला!” आता सांगा, सहाशे पानं सर्वनामावर लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मी माइक जवळ ओढला आणि म्हणालो, “अध्यक्ष, जिथं सर्वनामानं भागतं तिथं नामाचा खर्च कशाला?” अहो, लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं! हास्याचा असा गडगडाट मी माझ्या उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. तीसुद्धा हसली. मी स्टेजवरून पाहिलं ना, तोंडावर पदर धरला होता तिनं. म्हणजे हसलीच असणार. घरी पोचलो तर कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडं.

भावाच्या घरी रोज फोन केला, तर दोन दिवसांनी कुठं फोनवर आली. आणि बोलली काय, तर एकच वाक्य — “ज्या दारावर माझं नाव असेल, त्याच दारातून मी आता आत जाणार.” संपलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही, ताप मोजून कागदावर मांडतात तसा आवाज. मी म्हटलं, एवढंच ना? एका पाटीचा तर प्रश्न! उगाच महिनाभर मी ताणून धरलं. मुलगीही फोनवर म्हणाली, “बाबा, लावा ना आईचं नाव, तुमचं काय जातंय?” जात काही नाही हो. पण तत्त्व असतं माणसाचं काहीतरी.

आता तुम्ही म्हणाल, महिनाभर एकट्यानं कसं काढलं. मजेत! — म्हणजे, मजेत नाही म्हणता यायचं. चहाची गाळणी कुठं असते हेच मला माहीत नाही, रुमालातून गाळला एकदा. दूध तर मी समोर उभा असताना उतू जातं, माझ्या देखत, जसं काही मी तिथं नाहीच. ती गोळ्यांची डबी भरून ठेवायची, वाराप्रमाणे कप्पे असलेली, ती रिकामी झालीय आणि कोणती गोळी कोणत्या कप्प्यातली ते मला ठाऊक नाही. परवा संध्याकाळी पुस्तकात एक फार सुंदर जागा सापडली, मी डोकं वर न करता म्हटलं, “ऐकलंस का—” आणि मग बसून राहिलो. खरं सांगू पाटीवाले, घर खायला उठतं. हाक मारायला तोंड उघडतो आणि लक्षात येतं, समोर कोणी नसेल तर ‘अगं’ला काही अर्थच उरत नाही. नाव असतं तर निदान भिंतीला ऐकवता आलं असतं. — हे आपल्या दोघांत ठेवा. आणि ‘सौ.’पुढं काय लिहायचं ते आपण ठरवू, घाई काय आहे.

‘आम्ही’ असं लिहिलं तर? कशी आहे कल्पना? वर माझं नाव, आणि खाली नुसतं ‘आम्ही’. त्यात ती आलीच. — नको? तिचं नाव असेल तरच ती येईल, असं तुमचं म्हणणं. तुम्हाला काय माहीत तिचं? तुम्ही काय तिला भेटलायत? — बरं, असं मान का खाली घातलीत? घासा, घासा ती पाटी, मी तुमचं काम अडवत नाही.

मघापासून जिच्यावर मी चष्मा ठेवलाय, ती पाटीसुद्धा छान झालीय हं. अक्षर सुबक आहे. थांबा, चष्मा लावून बघतो. अरे वा, एकाच बाईचं नाव? खाली नवरा नाही, वर नवरा नाही, ‘सौ.’ नाही, ‘श्रीमती’ नाही. काय धीट बायका असतात एकेक. नवरा बिचारा कुठं बसवला असेल हिनं? आणि त्याखाली — ‘निवृत्त मुख्य परिचारिका’. अहो, ही तर आमच्या हिच्या धंद्यातली निघाली! विचारायला हवं हिला, ओळखते का म्हणून. आणि पहिलं नावही बघा, आमच्या हिचं तेच. हुबेहूब तेच! आमच्या पिढीत हे नाव फार होतं, वर्गात हाक मारली की चार जणी उभ्या राहायच्या. आडनाव मात्र वेगळंय. हे आडनाव कुठं बरं ऐकलंय — हां, मेव्हण्याचं! आमच्या हिच्या भावाचं हेच आडनाव. त्यांच्याच गोतावळ्यातली असणार कोणीतरी. बघा, गणगोत कुठं कुठं पसरलेलं असतं. मेव्हणा म्हणतच होता परवा, आमची ही सध्या घरं बघत हिंडतेय. मी म्हटलं, अशाच कोणा नात्यातल्या बाईसाठी बघत असेल, निवृत्तीनंतर वेळ जात नाही माणसाचा. इस्पितळाजवळ दोन खोल्या पसंत केल्यात म्हणे, उजेड भरपूर आहे, आणि—

आणि—

जरा पाणी मिळेल का हो? नको, राहू द्या. चष्मा तेवढा परत पाटीवर ठेवतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. भाषणातही मी ती गाळली, वेळेअभावी. अरबी व्याकरणात सर्वनामाला काय म्हणतात माहीत आहे? जमीर. हो, तोच जमीर, सिनेमात नायक ओरडून ज्याची आठवण करून देतो तो. मूळ अर्थ आत दडवलेलं, मनात झाकून ठेवलेलं. नाव झाकलेलं असतं ना सर्वनामात, म्हणून जमीर. आणि त्याच शब्दाला सदसद्विवेक असाही अर्थ आहे. किती विलक्षण योग! यावर मी सोळा पानं लिहिलीत. म्हणजे बाकी सगळ्यांना सर्वनामात बदली माणूस दिसला, आणि त्या एका भाषेला दिसलं आत काहीतरी लपवलेलं. मुद्रितं वाचताना ही त्या पानावर थांबली होती, मला आठवतंय. पेन्सिल हातात तशीच. मी विचारलं, “काय, चूक सापडली?” म्हणाली, “नाही. बरोबर आहे सगळं. फक्त वाचून बघा एकदा.” मी म्हटलं, मीच लिहिलंय, मी काय वाचू? — हो, मुद्रितं तीच वाचायची. दुसरा तपासणारा होता, पण त्याच्या आधी ती. दिवसपाळी करून आली की रोज पाच-पाच पानं. मी सांगितलं नव्हतं का मघाशी? निसटलं असेल बोलण्याच्या ओघात.

— तुमचं चालू द्या, फोन लावा. कोणाला? या पितळी पाटीच्या बाईंना, पाटी तयार आहे म्हणून? लावा की. मला काही घाई नाही. हात पॉलिशनं भरलेत तुमचे, थांबा, मीच ते स्पीकरचं बटण दाबतो. — वाजतोय.

— ऐकलंत तुम्ही? ‘खालीच आहे, जिना चढून आलेच,’ म्हणाल्या त्या. बरोबर ना?

हा आवाज… पाटीवाले, हा आवाज मी ओळखतो. ताप मोजून मांडतात तसा. अहो, नाव वाचून कळलं नाही मला, आवाजानं कळलं! हसा, आता खुशाल हसा. किती वर्षं सर्वनामाच्या खुळापायी — बरं, ते जाऊ द्या, वेळ नाही. मी दिसतो कसा? कॉलर नीट आहे? एक काम करा, माझी पाटी चटकन कागदावर नव्यानं मांडा. तिचं नाव पहिल्या ओळीत! मोठ्या अक्षरांत! ‘प्राध्यापक’ खोडा, ‘प्रा.’सुद्धा नको, ते ग्रंथाचे कर्ते-बिर्ते काढून टाका, जागा करा. तिचं नाव वर आणि माझं खाली कोपऱ्यात, उरलं तर. लिहा लवकर. आणि ती आत आली की मी तिला नावानं हाक मारणार आहे, बघाच तुम्ही. साधं तीन अक्षरी नाव, त्यात अवघड काय आहे? रंगीत तालीम करतो — नको, तुमच्यासमोर संकोच वाटतो. ऐन वेळी म्हणेन. पावलं ऐकू येतायत. ही तिचीच चप्पल. दार—

अगं—

म्हणजे… अगं… तू… हो, मी सहज आलो होतो, इकडून जात होतो. पाटी? छान झालीय पाटी, आत्ताच बघत होतो. सुबक आहे. इस्पितळाजवळ ना? उजेड आहे म्हणे भरपूर. हां. — पाटीवाले, बांधून द्या त्यांना. नीट बांधा, कोपरे धारदार आहेत. — चष्मा? तो माझा आहे, पाटीवर मीच ठेवला होता, उचल तो, म्हणजे उचला… पुसू नकोस, असू दे, मी पुसेन…

— गेली?

ऐकलंत, काय म्हणाली? चष्मा पदरानं पुसला, माझ्या हातात दिला आणि — लग्न झाल्यापासून रोज घरातून निघताना एकच वाक्य असायचं तिचं, “अहो, चष्मा.” आजही तेच म्हणाली. फक्त ‘अहो’च्या जागी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. वॉर्डात पेशंटला हाक मारतात तसं, स्पष्ट, अदबीनं. आयुष्यात पहिल्यांदा घेतलं हो तिनं माझं नाव.

मला वाटायचं, आपलं नाव तिच्या तोंडून ऐकायला किती गोड वाटेल.

— काय? माझी पाटी? हा कागद? तिचं नाव वर मांडलंत, होय… सुरेख दिसतंय. नको, फाडू नका, द्या तो मला, खिशात ठेवतो. पाटी नको करू आता. अहो, पाटी लागते ती येणाऱ्या माणसाला. मला माझं दार माहीत आहे.